पाण्याखालचा सांधा

मला पोहता येत नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. पाण्याखाली फोटो काढायच्या पेट्या आणि दिवे मी बनवायचो असं कळलं, की समोरचा माणूस आदराने बघतो आणि लगेच विचारतो, "मग तुम्ही किती खोल बुडी मारायचात?" गुडघाभर, असं मी सांगतो. विहिरीच्या काठावर नुसतं उभं राहिलं तरी माझे पाय लटपटतात. माझी सगळी कारागिरी काठावरची. पाण्यात दुसऱ्यानं उतरायचं आणि वर मी काळजी करत बसायचं, अशी आमची वाटणी होती.

संपादकांनी नोकरीचे अनुभव लिहा म्हणून पत्र पाठवलं. नोकरी दोन ओळींत संपते. नगरजवळ भिंगारला लष्कराच्या वर्कशॉपमध्ये मी सिव्हिलियन फिटर होतो आणि दुर्बिणी दुरुस्त करायचो. दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत त्यांचा ढीग लागायचा. दुर्बीण बिघडते ती बहुतेक एकाच कारणानं, आत धूळ नाही तर दमट हवा शिरते. त्यामुळे काच आणि पितळ यांच्यामधली फट बुजवणं हे माझ्या बोटांच्या अंगवळणी पडलं होतं. माझी बायको सगुणा म्हणायची, "यांना देव बूच म्हणून घडवत होता, चुकून माणूस झाला."

या बुचाला पाण्यात ढकललं ते एका कॅप्टनसाहेबांनी. त्यांना माशांचं वेड होतं. बंगल्यामागच्या विहिरीत त्यांनी मासे सोडले होते आणि रोज सकाळी ते कॅमेरा घेऊन काठावर पालथे पडलेले असायचे. फोटोत मात्र मासे येत नसत, यायचं ते पाण्यावर चमकणारं आभाळ. एक दिवस त्यांनी मला बोलावून विचारलं, कॅमेराच पाण्यात ठेवता येईल का? मी 'येस सर' म्हणालो. 'नो सर' म्हणायचा आम्हाला सरावच नव्हता.

आता ज्यांना या कामातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कॅमेऱ्याला हवी कोरडी जागा, आणि समोर बघायला काच. मी बंदुकीच्या गोळ्यांची एक रिकामी पत्र्याची पेटी घेतली. तिच्या झाकणाला मुळातच रबराची पट्टी आणि कसून बसणारा खटका असतो. पुढच्या बाजूला भोक पाडून लॉरीच्या फुटक्या खिडकीची जाड काच लांबीत, म्हणजे खडूच्या भुकटीच्या आणि अळशीच्या तेलाच्या लगद्यात, बसवली. कळ दाबायला एक सळई बाहेर काढली. ती जिथून बाहेर येते तिथं पाणी घुसणार, म्हणून पंपाच्या दांड्याभोवती भरतात तसं चरबीत भिजवलेलं सूत भरलं. हे सगळं मला जमलं. पेटी पाण्यात बुडवून वर काढली, की आत ओल आली की नाही हे ओळखायचं कसं, ते मात्र सुचेना. दोन थेंब कुठं तरी कोपऱ्यात बसून राहतात आणि दिसत नाहीत.

ते सगुणेनं सोडवलं. तिनं पेटीत एक कच्चा उडदाचा पापड ठेवला आणि म्हणाली, "तासाभरानं काढा. कुडकुडीत मोडला तर पेटी चांगली. वाकला तर तुमची लांबी कच्ची." पहिले तीन पापड वाकले. चौथा मोडला. पुढे मी बनवलेल्या प्रत्येक पेटीची परीक्षा पापडानंच झाली आणि त्यात मला कधी कमीपणा वाटला नाही.

दिव्यासाठीही तिच्याच स्वयंपाकघरावर धाड पडली. पाण्यात बारा-पंधरा हात खाली उजेड जवळजवळ नसतो. लढाई संपल्यावर लष्कराचं सामान लिलावात निघालं, त्यात मला फोटोच्या झगमगाटाचे बल्ब मिळाले. असा बल्ब एकदा लखकन पेटतो आणि कायमचा विझतो. एक बल्ब, एक फोटो. तो पाण्यात फुटू नये म्हणून त्याला काचेचं घर हवं होतं, आणि लोणच्याच्या बरणीइतकी जाड काच मला दुसरीकडे मिळाली नाही. सगुणेनं बरणी दिली, पण आतलं लोणचं संपेपर्यंत मला थांबायला लावलं. त्या महिन्यात आम्ही दोघांनी फार लोणचं खाल्लं.

पेटी तयार झाली आणि पाण्यात घालायला माणूस हवा म्हणून तुका भोई आला. भोयाचं काम म्हणजे विहिरीत पडलेली घागर, बादली, कधी कुणाचं मंगळसूत्र बुडी मारून वर काढायचं. तुका शेवगावकडच्या एका खेड्यातला, पण नगर-भिंगारच्या विहिरींची बोलावणी त्याला असायची. वयानं माझ्याएवढा, अंगानं काटक. पेटीकडे बघून तो म्हणाला, "ही काय पडलीय का पान्यात?"

"नाही, मुद्दाम टाकायची आहे."

"मंग काढायची कशाला?"

या प्रश्नाचं उत्तर मी द्यायच्या आत तो पेटी घेऊन उडी मारून मोकळा झाला. पुढे जे झालं ते सांगायला आजही लाज वाटते. पेटी इतकी हवाबंद होती की बुडेचना. तुका खाली जायचा, पेटी त्याच्या हातातून सुटून वर यायची आणि बदकासारखी तरंगत राहायची. कॅप्टनसाहेब हसून हसून लाल झाले. फट बुजवायच्या नादात पेटीत कोंडलेली हवा तिला वर उचलणार हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. शेवटी किराणा दुकानातून लोखंडी वजनं मागून आणली आणि पेटीच्या पोटाखाली बांधली, तेव्हा ती भानावर आली.

मग दुसरा धडा. दिवा मी कॅमेऱ्याला चिकटून लावला होता, फोटोत नुसतं धुकं आलं. पाण्यातले गाळाचे कण दिव्यासमोर आले की तेच चमकतात आणि मागचं काही दिसत नाही. दिवा चार हात लांब, बांबूच्या टोकाला, बाजूनं लावला तेव्हा धुकं गेलं. बाजूच्या उजेडाचा आणखी एक फायदा असा की प्रत्येक उंचवट्याची सावली एकाच अंगाला पडते आणि खडबडीतपणा उठून दिसतो. तिसरा धडा अंतराचा. पाण्यात वस्तू असते त्याहून जवळ दिसते. चार फुटांवरचा मासा कॅमेऱ्याला तीन फुटांवर वाटतो, म्हणून आकडा तिनाचा लावायचा. तुकाला हे अंतर पाण्यात कसं कळणार, म्हणून पेटीला पुढे चार फुटांची काठी बांधली. काठीचं टोक टेकलं की सळई ओढायची. कॅप्टनसाहेबांना बदली होऊन जाण्याआधी सात मासे मिळाले. सातही जणांची तोंडं रागावलेली होती, पण ती माशांची असतातच.

साहेब गेले आणि पेटी माझ्याकडे राहिली. मला वाटलं, आता हिला काय काम? वर्ष-दीड वर्षानं एका सकाळी तुका आला, आणि त्याच्याबरोबर पन्नाशीचा एक माणूस. डोक्याला मळकं पागोटं, बोटांच्या पेरांत चुना मुरलेला. चहा दिला तर त्यानं तो तसाच निवू दिला.

"ह्ये खंडूतात्या," तुका म्हणाला. "आमच्या गावचं गवंडी. ह्येंच्या मागं किटाळ आलंय."

तात्यांची हकीकत अशी होती. गावाजवळच्या ओढ्यावर सरकारनं दगडी बंधारा बांधून घेतला. बांधणारे खंडूतात्या. पहिल्याच पावसाळ्यात तो काठोकाठ भरला, सगळं गाव खुश. पण दिवाळीनंतर भिंतीच्या पायथ्याशी मनगटाएवढी धार लागली आणि रोज पाणी कमी व्हायला लागलं. बांधकाम खात्याचे ओव्हरसियरसाहेब आले, धार बघितली आणि म्हणाले की खालच्या थरातले सांधे पोकळ आहेत, दगडांमध्ये चुना भरलेलाच नाही, गवंड्यानं तो परस्पर विकला. आता बंधारा एका बाजूनं फोडून पाणी सोडायचं, भिंत उघडी करायची आणि सांधे तपासायचे. पाणी सोडलं म्हणजे गावचं शाळूचं पीक गेलं आणि उन्हाळ्यात जनावरांचं पाणी गेलं. गाव त्याबद्दल दोष देणार तो तात्यांना.

"चुना इकला असं म्हनत्यात," तात्या म्हणाले. "माज्या बापानं शेवगावात निम्मी घरं बांदली. कुनी असं बोललं न्हवतं. आता बाया मला बघून पदर तोंडाला लावत्यात."

"तुका बुडी मारून हातानं चाचपू शकतो की," मी म्हणालो.

तुका हसला. "मारली की. सांदे भरल्यात, असं सांगितलं सायबाला. सायेब म्हनला, बुड्याच्या बोटावर मी रिपोर्ट लिवू व्हय? आन त्यो तुजा गाववाला. मंग मी म्हनलो, भिंगारात एक पेटी हाय. ती काय माज्या गावची न्हाई."

ओव्हरसियरांनी येत्या बाजारापर्यंत मुदत दिली होती. पेटीनं दाखवलं तर ठीक, नाही तर बाजाराच्या दुसऱ्या दिवशी फोडायला माणसं येणार. मी चार दिवसांची रजा टाकली. माझ्याकडे बारा बल्ब उरले होते. खरं सांगायचं तर तात्यांच्या अब्रूपेक्षा माझ्या पेटीला काम मिळालं याचाच आनंद मला जास्त होता, आणि सगुणेनं तो माझ्या तोंडावर वाचला. "त्या म्हाताऱ्याचं काम आधी," ती म्हणाली, "तुमचं नाव मागाहून." आणि चार पापड बांधून दिले.

बंधाऱ्यावर अर्धं गाव जमलं होतं. थंडीचे दिवस, पाणी निवळलेलं. ओव्हरसियर तरुण होते, कडक इस्त्रीचे. माणूस लुच्चा नव्हता, कामाला चोख होता, एवढंच. त्यांनी स्वतःच्या हातानं भिंतीवरून सहा ठिकाणी दगड बांधलेल्या दोऱ्या खाली सोडल्या. "जागा मी ठरवणार," ते म्हणाले. "तुम्ही ठरवलीत तर तुम्ही चांगल्याच जागेचा फोटो काढाल." मला ते पटलं. तुकानं दोरी धरून खाली जायचं, तळाशी भिंतीला काठी टेकवायची, सळई ओढायची. सहा दोऱ्या, सहा फोटो.

तुकाची कामाला लागायची एक रीत होती. आधी सगळ्या अंगाला करडईचं तेल. मग पाण्याला नारळ. मग त्याच्या हत्याराला, म्हणजे घागरी काढायच्या गळाला, हळद-कुंकू. त्या दिवशी हत्यार म्हणजे माझी पेटी. तो हळदकुंकवाची डबी घेऊन पेटीपाशी बसला, तेव्हा मी तोंड दुसरीकडे वळवलं.

हे का, ते सांगतो. मी ख्रिस्ती. आमच्या घरात हळदकुंकू नाही. गावाच्या देखत मी टक लावून बघत उभा राहिलो असतो तर लोकांना वाटलं असतं, याला आवडत नाही. म्हणून मी सभ्यपणे ओढ्याच्या पलीकडच्या बाभळी बघत बसलो. त्या सभ्यपणाची मला फार मोठी किंमत पडणार होती.

तुकानं सहा बुड्या मारल्या. दर बुडीला पाण्यात वीज चमकल्यासारखं व्हायचं आणि काठावरची पोरं ओरडायची. दर वेळी मी पेटीची मागची बाजू पुसून, ती घोंगडीवर तोंडावर पालथी ठेवून, मागचं झाकण उघडायचो, फिल्म पुढे सरकवायचो, नवा बल्ब बसवायचो. आतला पापडाचा तुकडा सहाही वेळा कुडकुडीत. मी मनातून फुलून गेलो होतो. दुपारी शाळेमागच्या एका बिनखिडकीच्या खोलीत फिल्म धुतली.

सहाच्या सहा फोटोंत मधोमध एक मोठा डाग आणि बाकी सगळं पुसट, जणू तुपातून बघतोय.

ओव्हरसियर दारात उभे होते. त्यांनी फिल्म उजेडात धरून बघितली आणि मला परत दिली. तात्या मात्र मलाच धीर द्यायला लागले. "न्हाई जमलं तर न्हाई जमलं, मिस्त्री. तुमी आलात ह्येच लई." ते ऐकून मला रडू यायचं बाकी राहिलं.

मी सगळं तपासलं. भिंग स्वच्छ होतं. आतून काच कोरडी होती. मग काच बाहेरून बघावी म्हणून पेटी पहिल्यांदाच सुलटी धरून उन्हात नेली. काचेच्या बरोब्बर मध्यभागी तेलात कालवलेलं कुंकू, बोटानं छान गोल रेखलेलं, आणि त्याच्या भोवती तुकाच्या तळव्याचं करडईचं तेल. तेलातलं कुंकू पाण्यानं जातंय थोडंच. आणि त्या काळची फिल्म अशी की लाल रंग तिला काळाच दिसायचा.

तुकाला बोलावून दाखवलं. तो काचेकडे बघत राहिला, मग माझ्याकडे.

"मंग बोलायचं की, मिस्त्री. मला काय ठावं त्येचा डोळा कुटं आन कपाळ कुटं? मला वाटलं ह्येच तोंड, हितंच लावायचं."

"मी बघितलंच नाही लावताना."

"का बरं?"

मी कारण सांगितलं. तुका म्हणाला, "तुमी नगं म्हनला असता तर मी झाकनाला लावलं असतं. देवाला काय, कुटं बी चालतंय." तिथं बसलेल्या म्हाताऱ्या हसल्या, मीही हसलो, पण आतून मला टोचलं. इतकी वर्षं मी या लोकांत राहिलो, जन्मलो इथंच, आणि एवढं साधं बोलायला मला संकोच वाटला. पाहुण्यासारखं वागलो आणि सहा बल्ब जाळले.

काच राखेनं आणि साबणानं घासली. उरलेले बल्ब सहा, दोऱ्या सहा. एकही चुकवून चालणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुकानं पुन्हा डबी उघडली तेव्हा मी त्याच्या शेजारी बसलो आणि झाकणावर बोट ठेवून म्हणालो, "हे कपाळ." त्यानं तिथं कुंकू लावलं. हात मातीनं स्वच्छ घासले. मग खाली गेला.

पाचव्या बुडीला तो नेहमीपेक्षा जास्त वेळ वर आला नाही. तात्या काठावर उकिडवे बसले होते, ते उठून उभे राहिले. मी तर डोळेच मिटले. तो वर आला तो दात वाजवत. काठी दगडावरून घसरत होती म्हणून परत परत टेकवून बघत होता, म्हणाला. त्या जागेसाठी बल्ब एकच होता हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं.

या वेळी फिल्म धुतली आणि मी खोलीतच मोठ्यानं प्रभूचे आभार मानले. प्रत्येक फोटोत दगड न् दगड वेगळा दिसत होता. उन्हात छापून कागदावर घेतले आणि शाळेच्या ओट्यावर ओळीनं मांडले. ओव्हरसियर, गावचे पंच, तात्या, सगळे वाकले. दुर्बिणीच्या कामाचं माझं डोळ्याला लावायचं भिंग हातोहात फिरलं. सांध्यांमध्ये चुना पांढऱ्या दोरीसारखा स्पष्ट दिसत होता. सहाही ठिकाणी.

ओव्हरसियरांनी दोनदा बघितलं आणि सरळ उभे राहिले. "चुना आहे," ते म्हणाले. "मी चुकलो. रिपोर्ट बदलतो. धार बहुतेक भिंतीखालून, मुरमातून येत असेल." पंचांपैकी एकानं तात्यांच्या पाठीवर हात ठेवला. मागं उभ्या असलेल्या बायांत कुजबुज झाली. माझी छाती तर सदऱ्यात मावत नव्हती.

तात्या अजून वाकलेलेच होते. त्यांनी भिंग डोळ्याला नीट लावायची रीत मला पुन्हा विचारून घेतली. मग एकेका दगडावर बोट ठेवून पुटपुटत गेले. "ह्यो वडाळ्याच्या खानीतला. ह्यो लई दमवून गेला. ह्यो तिरका हुता, उलटा करून बशिवला." त्यांचं बांधकाम पाण्याखाली गेल्यापासून त्यांनी ते पहिल्यांदाच बघितलं होतं. सगळे कौतुकानं ऐकत होते. पाचव्या फोटोवर त्यांचं बोट थांबलं.

"मिस्त्री, ह्ये काळं काय हाय?"

मी बघितलं. दोन दगडांमध्ये बोटभर लांबीची काळी रेघ. "सावली आहे," मी म्हणालो. "दिवा बाजूनं होता ना."

ओव्हरसियरांनी भिंग घेतलं. "सावलीच आहे," तेही म्हणाले.

"दिवा कंच्या अंगाला हुता?"

"डावीकडे."

"मंग समद्या सावल्या उजव्या अंगाला पडल्यात. बगा. ह्यो दगड, ह्यो, ह्यो बी." त्यांचं बोट हळूहळू सरकत होतं. "ही तेवढी डाव्या अंगाला हाय. सावली न्हाई ही. हितं चुना न्हाई."

दिव्यांचा जाणकार मी, आणि मला ते दिसलं नव्हतं. दिसावं असं मला वाटतही नव्हतं, हे आज कबूल करतो. मला निर्दोष फोटो हवा होता. तो मिळाला होता आणि हा माणूस स्वतःच्या हातानं त्याला भोक पाडत होता. मी त्यांच्या कानाशी लागून म्हणालो, "तात्या, साहेबांनी सावली म्हटलंय. राहू द्या."

"ऱ्हाऊ कसं दिऊ?" ते मोठ्यानंच म्हणाले. "धार हितनंच लागली आसंल. सायेब मुरूम उकरत बसत्याल आन पानी जाईल गावाचं."

मग ते ओट्यावर टेकले आणि आठवत आठवत सांगितलं. तो थर चालू असताना त्यांच्या लेकीच्या सासरहून सांगावा आला होता, मुलगी झाली म्हणून. त्यांना पहिलीच नात. हातातली थापी तिथंच टाकून ते निघाले होते. चौथ्या दिवशी परत आले आणि त्यांना वाटलं तो सांधा भरून झालाय, म्हणून वरचा थर घेतला. "चुना इकला न्हाई, सायेब. पर ह्यो एक सांदा माजा ऱ्हायला. काय लिवायचं त्ये लिवा."

ओव्हरसियरांनी खिशातलं पेन काढलं होतं. ते त्यांनी थोडा वेळ हातात धरलं आणि परत खिशात ठेवलं. "आधी बुजवता येतो का बघू," ते म्हणाले. "लिहायचं काय, ते नंतर." आणि कुणाला तरी चहा सांगितला.

बुजवणं सोपं निघालं. नेमकी जागा कळल्यावर सगळंच सोपं असतं. तात्यांनी दगडाची एक पातळ पाचर घडवली. सिमेंट भरलेल्या छोट्या कापडी पुरचुंड्या केल्या. तुकानं चार-पाच बुड्यांत त्या फटीत कोंबल्या आणि वर पाचर ठोकली. संध्याकाळपर्यंत पायथ्याची धार करंगळीएवढी झाली आणि दुसऱ्या दिवशी बाजाराला जाणारी माणसं वाट वाकडी करून बघायला आली तेव्हा तिथं नुसता ओला दगड होता. रिपोर्टात काय लिहिलं ते मी वाचलं नाही, पण बंधारा फोडायला माणसं आली नाहीत आणि तात्यांचं नाव सरकारी गवंड्यांच्या यादीत राहिलं.

निघताना ओव्हरसियर माझ्या पेटीभोवती फिरले, काच बघितली, काठी बघितली, लोणच्याची बरणी बघितली. म्हणाले, सरकारला मी कळवतो, प्रत्येक बंधाऱ्यावर असं यंत्र हवं. मी मनातल्या मनात पन्नास पेट्यांचा पत्रा कापायला घेतला. मग ते तात्यांकडे वळले. "पुढच्या साली वरच्या अंगाला आणखी एक बंधारा आहे. घ्याल?"

"घेतो," तात्या म्हणाले. "पर मिस्त्रींना आदीच बोलवा. पानी यायच्या आदी थराथराचा फोटू काढू द्या. मंजी तुक्याला थंडीत बुडायला नगं."

ओव्हरसियर माझ्याकडे बघायला लागले. मी पेटीकडे. तुका हसत खाली बसला. तीन वर्षांची माझी मेहनत, सगुणेची बरणी, कॅप्टनसाहेबांचे सात मासे, सगळं त्या एका वाक्यात निकालात निघालं, आणि त्यात खोट काढायला कुठंच जागा नव्हती. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. चहा संपेपर्यंत वाटत होतं.

पुढच्या साली मी गेलो. साधा कॅमेरा, कोरडा दगड, पायाखाली जमीन. ना बल्ब, ना पापड. एक थर झाला की तात्या हाताखालच्या माणसांना थांबवायचे, मी फोटो काढायचो, मगच दुसरा थर. त्यांना कुणी तसं करायला सांगितलं नव्हतं. पावसाळ्यात ओढा आला त्या दिवशी आम्ही दोघं भिंतीवर उभे होतो. पाणी एकेका थरावर चढत होतं आणि तात्या मोजत होते. शेवटचा थर दिसेनासा झाला तेव्हा त्यांनी पागोटं काढून काखेत धरलं.

"चला," ते म्हणाले, "आता झाकलं तरी चालंल."